मंगोलियाची होडी, भोपरची हळद

१२ जानेवारी, सोमवार

लागला! निकाल लागला! आपली निवटी ठाण्याच्या फायनल राऊंडला!

मी वर्गातच किंचाळले. चित्रा मॅडमनी फळ्यावरून वळून बघितलं आणि एरवी त्या म्हणतात तसं 'निशिगंधा, शिस्त' म्हणायच्या ऐवजी स्वतःच टाळ्या वाजवल्या. देशभरातून फक्त सहा टीम. त्यातली एक आमची, म्हणजे मी आणि सुश्रुत. जी टीम जिंकेल ती मे महिन्यात जपानला, जगाच्या फायनलला. एकच टीम. दुसऱ्या नंबरला प्रमाणपत्र आणि पाण्याची बाटली.

निवटी म्हणजे आमची होडी. खाडीच्या चिखलात टुणटुण उड्या मारणारा मासा असतो ना, त्याच्यावरून मी नाव ठेवलं. सुश्रुतला 'जलदूत' ठेवायचं होतं. ठाण्यातल्या नौपाड्याचा, पुस्तकी मराठीवाला आहे तो, त्याच्याकडून दुसरी काय अपेक्षा! होडीने स्वतःच पाण्यात फिरायचं, रिमोट नाही. नाकावरच्या कॅमेऱ्याने बघायचं, पिवळे चेंडू गोळा करायचे, लाल चेंडूला शिवायचं नाही. पाच मिनिटं. ज्याचे चेंडू जास्त तो राजा.

सांगाडा तर असला भारी झालाय. प्रफुल्लकाकाचा मित्र जगन, त्याचं वागळे इस्टेटमध्ये वर्कशॉप आहे. त्याने मशीनवर अ‍ॅल्युमिनियम एका दुपारी कापून दिलं, वर चहा पण पाजला. आणि आमच्या जुन्या शेतावर जो टॉवर उभा राहिलाय त्याचा स्विमिंग पूल सकाळी आम्हाला मोकळा. बाबांनी सोसायटीच्या सेक्रेटरीला नुसता फोन केला.

मी जपानला जाणार. लिहून ठेवते.

१९ जानेवारी, सोमवार

डोक्याला शॉट लागलाय.

आज सगळ्या कॅप्टनची ऑनलाइन मीटिंग होती. मुख्य परीक्षक कुंडलिक सर अगदी गोड आवाजात म्हणाले, 'यंदा आपल्यात एक आंतरराष्ट्रीय टीमही सहभागी होत आहे. मंगोलिया!' जसं काही लाडू वाटतायत.

मी हात वर केला. मी विचारलं, सर, त्या मंगोलियाच्या मुली जिंकल्या तर जपानचं तिकीट त्यांना? म्हणाले, हो, नियम सगळ्यांना सारखा. मी म्हटलं, सारखा कुठे? या टीमने नोव्हेंबरमध्ये कझाकस्तानच्या राऊंडला भाग घेतलेला. तिथे दुसऱ्या आल्या, हरल्या. (मी त्यांच्या पेजवर बघितलेलं, मी काय झोपलेले नाहीये.) आता इथे दुसऱ्यांदा? आम्ही हरलो तर आम्हाला कुठे दुसरी संधी आहे? आम्हाला कोण पाठवतंय कझाकस्तानला?

सर म्हणाले, त्यांच्या देशात ही स्पर्धाच होत नाही, म्हणून बाहेरच्या दोन ठिकाणी खेळायची मुभा आहे. बाकीचे कॅप्टन म्यूटवर. नंतर ग्रुपवर सगळ्यांनी मला टाळ्यांचे इमोजी पाठवले. मीटिंगमध्ये एकाच्या तोंडातून शब्द फुटला नाही. शूर सगळे!

सुश्रुतला फोन करून तासभर बडबडले. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणतो कसा, 'मुद्दा बरोबर आहे तुझा. पण गुजरातच्या टीमकडे तरी कुठे पूल आहे?' मी म्हटलं, त्याचा इथे काय संबंध? तो म्हणाला, काही नाही, असंच. हा मुलगा हुशार आहे पण मध्येच भरकटतो.

२४ जानेवारी, शनिवार

बाबांनी काय करून ठेवलंय!

आयोजकांना पाहुण्या टीमसाठी यजमान घर पाहिजे होतं. बाबांनी मला न विचारता हात वर केला. 'चार मजली बंगला हाय, दोन पोरींना जागा नाय होणार?' मी म्हटलं, बाबा, त्या माझ्या विरुद्ध खेळणार आहेत! तर म्हणे, 'मग काय झाला? विरुद्धवाले जेवत नाय काय?'

त्यात त्याच आठवड्यात विकीदादाचं लग्न. प्रफुल्लकाकाचा एकुलता एक, म्हणजे आमच्या अख्ख्या भोपर गावाला आमंत्रण. शुक्रवारी संध्याकाळी हळद, शनिवारी संध्याकाळी लग्न. आणि माझी स्पर्धा शुक्रवारी आणि शनिवारी सकाळी. काका मिशीतल्या मिशीत हसला. 'आणू त्यांना हलदीला. डीजेवर अशा नाचवतो ना, दुसऱ्या दिवशी होडीत त्याच झोपतील.'

सगळे हसले. मीही हसले. खोटं कशाला लिहू, क्षणभर मला आयडिया बरी वाटली.

४ फेब्रुवारी, बुधवार

आल्या.

मला वाटलेलं ब्लेझर घातलेल्या, चाकांच्या चकचकीत पेट्या ओढणाऱ्या, सोबत दोन कोच वगैरे. उतरल्या दोघी, नोमिन आणि सारूल, माझ्याच वयाच्या, गाल लालबुंद, अंगात जाड जॅकेट आणि घामाच्या धारा. त्यांच्यासोबत आलेल्या मॅडम आमच्या चित्रा मॅडमकडे राहायला गेल्या. होडी एका खोक्यात, खोक्याला इतकी चिकटपट्टी की सोडवायला आम्हाला संध्याकाळ लागली.

आणि होडी! थर्माकोल आणि दोन प्लास्टिकचे डबे. शप्पथ. मी मनात म्हटलं, जिंकलो. मग नोमिनने लॅपटॉप उघडून कॅमेऱ्याचा प्रोग्राम दाखवला आणि सुश्रुत खुर्ची ओढून तिच्या शेजारीच बसला. त्यांची होडी चेंडू कुठे आहे ते बघत नाही, थोड्या वेळाने तो कुठे वाहत जाईल ते ओळखते. सुश्रुतने तिला इतके प्रश्न विचारले की मला त्याला टेबलाखालून लाथ मारावी लागली. शत्रू आहे ती, गुरू नाही!

मी विचारलं, सराव कुठे करता? नोमिन इंग्रजीत म्हणाली, शहरातल्या बंद पूलमध्ये, आठवड्याला एक तास, म्हाताऱ्या लोकांचा व्यायाम संपल्यावर. बाहेर सगळं पाणी गोठलेलं असतं. त्यांच्या देशाला समुद्रच नाही. समुद्र नाही आणि होडीच्या स्पर्धेला येतात, काय म्हणावं!

आईने मटण केलेलं. तिखट लागून दोघींच्या डोळ्यांतून पाणी, पण हाडं अशी साफ केली की बाबा एकदम खूश. 'ही आपली मानसां,' म्हणाले.

मला नोमिन आवडते. हे मी फक्त इथे लिहितेय.

६ फेब्रुवारी, शुक्रवार, दुपारी

पहिली फेरी झाली! सहा भारतीय टीम आणि त्या. मंगोलिया पहिल्या नंबरला, आम्ही दुसऱ्या. उद्या दोघांचीच फायनल!!

त्यांनी बारा चेंडू काढले, आम्ही नऊ. थर्माकोलचा तो डबा पाण्यावर असा फिरत होता जणू पूल त्याच्या बापाचा. पण निवटी शेवटी शेवटी गरम होऊन मंदावली, म्हणून नऊ. रात्रीतून पंख्याची जागा बदलायची. उद्या मी त्यांना सोडत नाही.

खाली डीजेचे बॉक्स उतरवतायत. खिडकीच्या काचा आत्तापासूनच थरथरतायत.

७ फेब्रुवारी, शनिवार, सकाळी, गाडीत

शिळफाट्याला गाडी अडकलीये, तेवढ्यात लिहिते.

काल काय हळद झाली! स्पर्धेवरून येऊन नोमिन आणि सारूल पांढऱ्या टीशर्टातच गेटपाशी उभ्या होत्या, मांडव बघत. तुळसाआत्या, बाबांची मोठी बहीण, म्हणजे आमच्या घरातली हळदीची मुख्यमंत्री, परात घेऊन आली. 'अगो, पावन्या पोरी अशा कोऱ्या उभ्या ऱ्हातान काय?' आणि फासली ना दोघींना! गालाला, हाताला, आणि मग ज्याच्या त्याच्या हाताने टीशर्टावर जागा मिळेल तिथे. सारूल खिदळत होती. नोमिनने उलट आत्यालाच लावली. मग काय, मांडव डोक्यावर घेतला सगळ्यांनी. प्रफुल्लकाका त्यांना दमवायला नाचवणार होता. तासाभरात तोच खुर्चीत पडून सोडा पीत होता, आणि या दोघी नवरदेवाला खांद्यावर घेणाऱ्यांत.

मी नाचायला जाण्याआधी आई माझ्यावर ओरडलेली, 'टीशर्ट बदल आधी, हळद जात नाही!' मी बदलला. पाहुण्यांना ते सांगायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

गंमत पुढे. त्यांच्याकडे स्पर्धेचे टीशर्ट एवढेच, आणि फायनलला तेच घालावे लागतात. नोमिनने मोरीत साबण लावला आणि सारूल किंचाळली. पिवळ्याचं लालभडक! आम्हाला माहीतच असतं, हळदीला साबण लागला की लाल. नोमिन घाबरली नाही, तिचे डोळेच चमकले. मी लिंबू पिळून दाखवलं, परत पिवळं! मग साबण, लाल. लिंबू, पिवळं. आम्ही तिघी मोरीत बसून आईची अर्धी लिंबं संपवली. काय मजा आली म्हणून सांगू. शेवटी डाग काही गेले नाहीत. पंख्याखाली वाळवले, सकाळी बघते तर दोघी पुढून-मागून पिवळ्याधमक. नोमिन म्हणाली, हरकत नाही, आठवण.

माझ्या पिशवीत लग्नाचा घागरा आहे. स्पर्धेवरून थेट हॉलवर जायचंय. आत्या आणि मंडळी मागून बेंजो पार्टी, म्हणजे आमची वाजंत्री, घेऊन स्पर्धेला येणार म्हणतायत. लग्नासाठी सकाळपासून बुक आहे तर बसून कशाला राहतील, असं तिचं म्हणणं. देवा!

सुटला ट्रॅफिक.

८ फेब्रुवारी, रविवार

पाय मोडलेत, घसा बसलाय. क्रमाने लिहिते, नाहीतर राहील.

फायनलला त्यांची होडी आधी. शिट्टी झाली, डबा निघाला, दोन चेंडू गपकन उचलले. आणि मग वळला तो थेट काठाकडे, जिथे नोमिन आणि सारूल उभ्या होत्या. येऊन भिंतीला ढुशी. मागे झाला, परत ढुशी. आईला लुचणारं वासरू असतं ना, तसा. बाजूला पाच चेंडू तरंगतायत, बघायला तयार नाही. पाच मिनिटं संपली. दोन चेंडू.

आमची निवटी गेली आणि नऊ घेऊन आली. लाल एकही नाही! मी सुश्रुतला मिठी मारली, तो लाजून पूलमध्ये पडता पडता राहिला. जपान! जपान! मी ओरडत होते. मग बघितलं तर सुश्रुतचा चेहरा पडलेला. तो हळूच म्हणाला, 'निशी, त्यांचे टीशर्ट.'

पिवळा! कॅमेरा पिवळं शोधतो! आदल्या रात्री आम्ही तिघी लिंबू-साबण खेळत बसलो, सकाळी सुश्रुतनेही टीशर्ट बघितले, आणि चौघा रोबोटवाल्यांपैकी एकाच्याही टाळक्यात आलं नाही. मी त्याला म्हटलं, गप बस. हो, म्हटलं मी तसं.

तेवढ्यात कुंडलिक सर नोमिनजवळ गेले. काल तर टीशर्ट पांढरे होते, हे पिवळं काय आहे? नोमिनला सगळं कळलेलं, तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तिने माझ्याकडे बघितलं, मग सरांना म्हणाली, 'काल जेवण सांडलं सर. आमचीच चूक.'

जेवण सांडलं?

माझं डोकंच फिरलं. तुळसाआत्याने देवापुढे ठेवून आणलेली हळद, नवरदेवाची उष्टी हळद, जी पाहुण्याला लावणं म्हणजे मान, आणि ही म्हणते सांडलेलं जेवण! मी तिथूनच ओरडले, 'जेवण नाहीये ते! हळद आहे! आमच्या घरची हळद आहे, आम्ही लावलीये!'

सुश्रुतने डोळे मिटले. आणि मग मला कळलं मी काय बोलून बसले ते.

सर म्हणाले, समोरच्या टीममुळे अडथळा आला असेल तर परत खेळवता येतं, पण दुसऱ्या कॅप्टनची हरकत नसेल तरच. 'हरकत घेतलीस तर निकाल आहे तोच राहील. तू सांग.'

मी चित्रा मॅडमकडे बघितलं. त्या म्हणाल्या, 'निशिगंधा, मी यात काहीही बोलणार नाही. तू कर्णधार आहेस.' एरवी तासभर बोलतात!

माझ्या मनात काय काय आलं ते सगळं लिहिते. कझाकस्तानची एक, इथली दुसरी, आता ही तिसरी संधी. तिसरी! आम्हाला एक, त्यांना तीन. कुठला न्याय? आणि हळद काय मी मुद्दाम लावली? पण टीशर्ट मी बदललेला. मी बदललेला, आणि त्या गेटपाशी तशाच उभ्या होत्या. आणि अजून एक आलं मनात, तेही लिहिते. आता हो म्हटलं नाही तर भोपरमध्ये म्हातारी होईपर्यंत ऐकावं लागणार, 'हीच ती, हलदीवर जिकलेली.'

मी म्हटलं, 'हरकत नाही. खेळू दे.' आवाज असा निघाला की मलाच ओळखू आला नाही.

मग प्रश्न टीशर्टांचा. त्यांच्याकडे दुसरे नाहीत. माझा निळा मी बाथरूममध्ये जाऊन काढला आणि घागरा-चोळी घालून आले, टिकल्यावाली. सुश्रुतने त्याचा काढून दिला आणि बिचारा बनियनवर उभा, सगळ्या टीमसमोर. चित्रा मॅडमनी त्याला स्वतःची शाल दिली. असे आम्ही दोघे काठावर, एक नवरदेवाची करवली आणि एक शाल पांघरलेले काका. आणि मंगोलियाची टीम आमच्या निळ्या टीशर्टात, पाठीवर 'निवटी, डोंबिवली'.

शिट्टी.

डब्याने काय खेळ केला! सात. आठ. मी नखं खात होते. लाल चेंडूच्या इतका जवळ गेला की मी मनात म्हटलं, लाग, लाग! नाही लागला. नऊ. बरोबरीत. अर्धं मिनिट राहिलेलं आणि एकच पिवळा, पार पलीकडच्या कोपऱ्यात. तो डबा तिथे गेलाच नाही. मध्येच थांबला. मी सुश्रुतचा दंड पकडला. आणि तो चेंडू, शपथेवर सांगते, स्वतः वाहत वाहत त्याच्या तोंडात आला.

दहा.

माझ्या तोंडातून 'वाव!' निघालं. हरलो होतो आणि मी 'वाव' म्हणत होते. मग समजलं आणि मी घागऱ्यासकट तिथेच फतकल मारली.

तेवढ्यात गेटवर ढाण् ढाण् ढाण्! बेंजो! सुश्रुत शाल सावरत तिकडे पळाला. तुळसाआत्या भरजरी शालूत पुढे, मागे प्रफुल्लकाका, बाबा, आई, अर्धं भोपर. समोर निळे टीशर्ट उड्या मारताना दिसले आणि झालं, सगळे धावत सुटले. काकाने सारूलला उचललं. आत्याने नोमिनच्या गळ्यात लग्नासाठी आणलेला हार घातला. वॉचमन ओरडतोय, कोण ऐकतंय! मी धावत गेले, 'अगं आत्या, आम्ही हरलो! त्या जिंकल्या!' बेंजोत कुणाला ऐकू जातंय. शेवटी मीही नाचले. काय करणार, ताल असा होता की पाय थांबेनात. रडत होते आणि नाचत होते, काजळ हनुवटीपर्यंत.

संध्याकाळी लग्नात नोमिन माझ्या शेजारी जेवायला बसली. मी तिला स्पष्ट सांगितलं, तू भारी आहेस, पण नियम चूक आहे. दोन संधी असतील तर सगळ्यांना दोन, नाहीतर सगळ्यांना एक. ती भाकरी मोडत म्हणाली, बरोबर आहे, आम्ही कझाकस्तानला हरलो तेव्हा तिथल्या मुलीही माझ्याशी असंच भांडल्या. मग म्हणाली, पण एकच असती तर मी तुला भेटले नसते. मी तिच्या ताटातली मिरची काढून घेतली. कुंडलिक सरांना मात्र मी भेटणार आहेच. चित्रा मॅडम सोबत येते म्हणाल्या.

जेवणं झाल्यावर मी तुळसाआत्याजवळ जाऊन बसले. ती खुर्चीत पाय वर घेऊन सुपारी कातरत होती. मी म्हटलं, 'आत्या, तुला नंतर कुणी सांगितलं की नाही? सकाळी तू चुकीच्या पोरींना हार घातलास. आम्ही हरलेलो.'

तिने वर बघितलंच नाही. 'मना काय आंधली समजतेस? गेटवरच त्या शालवाल्या पोऱ्यान सांगितला मना, दहा-नऊ.'

'मग बेंजो कशाला वाजवलास?'

'अगो, त्या पोरी कुठशी आल्यान. जिकल्या तं त्यांच्यामागं वाजवाला कोन होता तिथं? एक त्यांची मास्तरीन.' तिने सुपारी माझ्या हातावर ठेवली. 'तुझ्यामागं तं तू हारलीस तरी आख्खा गाव होता.'

मी एकदम मोठ्याने रडायलाच लागले, दिवसभराचं सगळं, जपान आणि निवटी आणि ते दहा. तिने मला जवळ ओढलं. मी तिच्या पदराला नाक पुसलं आणि ती ओरडली, 'भरजरी हाय गो तो!'